काल काय येगळं झालं?

परवा भाचीच्या घरचा कॉम्प्युटर सुरू होईना. आतला पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पडदा मात्र काळा. भाचीने आधी त्याला नावं ठेवली, मग विकणाऱ्याला, आणि शेवटी डब्यावर दोन चापट्या मारल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मारू नकोस गं. काल काय वेगळं झालं ते सांग आधी." ती म्हणाली, काही नाही झालं. साफसफाईत टेबल तेवढं सरकवलं. टेबलामागे पडद्याची वायर निम्मी बाहेर लोंबत होती. मावशी, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं ती डोळे मोठे करून म्हणाली. मला कॉम्प्युटरमधलं काडीचंही कळत नाही. मला सोनकांबळे माहीत आहेत, एवढंच.

किसन सोनकांबळे आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम म्हणजे परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटच्या दिव्यात वात घालणं, बेडकांच्या बरण्या पुसणं आणि तास संपला की घंटा देणं. शाळा मुरुम गावाच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका मोठ्या गावात. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याच्या पाटबंधारे खात्यातल्या नोकरीपायी इकडे आले आणि मराठीची बाई म्हणून या शाळेत चिकटले. जिथे पाण्याचाच पत्ता नाही तिथे पाटबंधाऱ्याचा माणूस दिवसभर काय करतो, असं गावातल्या बायका मला तोंडावर विचारायच्या.

सोनकांबळे उंच, किडकिडीत. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप आपला आवाज खाली आणावा लागे. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि पेन शेजारी शेजारी असत, त्यातलं पेन जास्त जपलेलं. कुठलीही वस्तू ते आधी कानाने बघायचे. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ऐकायचे. मुलं त्यांची ही नक्कल फार छान करत. शाळेत लहानथोर सगळे त्यांना अरे-तुरे करायचे. मी अहो-जाहो करायची, त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. आईने लावलेली सवय होती ती.

आमची पहिली ओळख माझ्या ट्रान्झिस्टरमुळे झाली. नवीन गाव, नवरा दौऱ्यावर, आणि सोबतीला असलेला एकुलता एक आवाजही बंद पडलेला. मी तो शाळेत घेऊन आले. सोनकांबळेंनी हातात घेतला, पण उघडला नाही. विचारलं, "काल काय येगळं झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी जरा चिडूनच म्हटलं की काही नाही झालं हो, सेल संपले होते ते नवे घातले, बस. त्यांनी मागचं झाकण काढून एक सेल उलटा फिरवला आणि मुंबई केंद्रावरच्या बातम्या सुरू झाल्या.

"सेल घातलं म्हंजी केलंच की, बाई," ते म्हणाले. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. आपण स्वतः जे केलं ते माणूस मोजतच नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि त्यात त्यांना हसण्यासारखं काही वाटत नसे.

ही विद्या त्यांना बहात्तरच्या दुष्काळात मिळाली. तेव्हा ते तामलवाडीच्या बाजूला रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. एकदा रोलर बंद पडला. मुकादमाने त्याला लाथ घातली, शिव्या घातल्या. रोलरचा ड्रायव्हर इब्राहिमभाई म्हणून होता. तो म्हणाला, "मशीनकू गाली नक्को देओ. कुछ हुआ होंगा तोच रुकी ना." मग सावलीत बसून त्याने शांतपणे चौकशी केली, काल काय काय झालं म्हणून. शेवटी निघालं ते असं की डिझेल ओतायच्या डब्यात तळाला पाणी राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी टँकर आला तेव्हा ज्याच्या हाताला जे भांडं लागलं ते घेऊन माणसं धावली होती, आणि कुणीतरी तोच डबा टँकरखाली लावला होता. इब्राहिमभाईने टाकी धुतली, नवं डिझेल भरलं, रोलर चालू केला. डबा कुणी लावला हे त्याने विचारलं नाही. सोनकांबळे ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबत. मला वाटे, गोष्ट संपली.

पुढे गावात कुणाचं काही बंद पडलं की माणसं शाळेच्या मागच्या दारी येऊ लागली. सहकारी दूध संस्थेतलं दुधाचं फॅट मोजायचं यंत्र एकदा भलतंच थरथरायला लागलं. त्यात दुधाच्या नळ्या गरागरा फिरतात. त्या दिवशी तीन फुटल्या. बाहेर दूध घालणाऱ्यांची रांग आणि आत चेअरमन सेक्रेटरीवर, सेक्रेटरी दूध घालणाऱ्यांवर गरम झालेले. सोनकांबळे गेले. काल काय येगळं झालं? काही नाही, असं दोघंही एका सुरात म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. सोनकांबळेंनी एक बशी मागवली, तीत काठोकाठ पाणी घालून यंत्राच्या टेबलावर ठेवली. पाणी एका बाजूने सांडलं. आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांची नवी गुबगुबीत खुर्ची आली होती, तिला जागा करायला टेबल फुटलेल्या फरशीवर सरकवलं होतं. खुर्ची बाहेर आणि टेबल मूळ जागी गेल्यावर यंत्र मुकाट्याने फिरू लागलं. चहा मात्र सोनकांबळेंना बाहेरच्या कट्ट्यावर मिळाला. त्यांनी तो प्यायला आणि घंटेच्या वेळेला शाळेत हजर झाले.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका सरकारी योजनेतून. जाडजूड टाइपरायटरसारखं दिसणारं यंत्र, त्याच्याच पोटात सगळं काही, आणि जोडायला एक टीव्ही. परदेशात म्हणे असले कॉम्प्युटर लोक घरी ठेवतात. आमच्याकडे त्याला स्वतंत्र खोली मिळाली. दाराला पडदा, खिडकीला जाळी, आणि चपला बाहेर काढायचा नियम. चपला काढून आत शिरलं की गावाकडून बघायला आलेली माणसं आपसूक हात जोडायची. विज्ञानाचे बिराजदार सर पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, ते एकटेच त्याला हात लावत. भिंतीवर पाटी होती, 'यंत्रास विनापरवानगी हात लावू नये.' पाटी सगळ्यांसाठी होती. हेडसरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली ती मात्र एकट्या सोनकांबळेंना. ते मान हलवून हो म्हणाले.

हात लावायला बंदी होती, ऐकायला नव्हती. बटण दाबलं की यंत्र आधी जाड आवाजात 'बू' करायचं, लगेच बारीक 'पीक', आणि मग पडद्यावर अक्षरं उमटायची. सोनकांबळे दाराबाहेर स्टुलावर बसून हे दोन आवाज रोज ऐकत. एकदा मला म्हणाले की पहिला आवाज म्हंजी जाग आली, दुसरा म्हंजी उठून बसलं.

त्या वर्षी खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करायचं ठरलं. या दिवशी ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा करायची. शेतकरी औतांची, शिंपी मशीनची, मग शाळेने कॉम्प्युटरची का नाही? हेडसरांनी नारळ आणला, बिराजदार सरांनी झेंडू आणला, मी अक्षतांचा डबा आणला. इकडे अक्षता ज्वारीच्या असतात, लग्नातसुद्धा. मला त्या कधी खऱ्या वाटल्या नाहीत, म्हणून माझ्या माहेरच्या पद्धतीने कुंकू लावलेले तांदूळ मी घरून न्यायची. सोनकांबळेंनी सकाळीच खोली झाडून, टेबल पुसून दिलं आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली होती. पूजेला ते कधीच आत येत नसत. त्याचा त्यांनी कधी गाजावाजाही केला नाही. आम्ही आत आरती म्हटली आणि मी मोठ्या हौसेने मूठभर अक्षता यंत्रावर टाकल्या.

मग सहामाही परीक्षा आली, दिवाळीची सुट्टी आली, यंत्र मधे कुणी लावलंच नाही. शाळा उघडली त्या सोमवारी बिराजदार सरांनी बटण दाबलं आणि यंत्राने 'बूऽऽऽ' असा सूर धरला तो सोडेचना. 'पीक' नाही, अक्षरं नाहीत. तीन दिवसांनी जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. यंत्र बंद दिसलं तर ते उचलून दुसऱ्या शाळेला देणार, असं हेडसरांच्या कानावर आलं होतं. हेडसर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना काळजी लागली की ती ठेवायला एखादं माणूस लागायचं. खोली कोण पुसतं? सोनकांबळे. संध्याकाळपर्यंत मेमो तयार झाला, ओल्या फडक्याने पुसल्यामुळे यंत्र नादुरुस्त झाले असा.

त्या मेमोत काय बुडत होतं हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. सोनकांबळेंनी चाळिशीत बाहेरून बसून दहावी केली होती, गणितात दुसऱ्या खेपेला सुटले होते. परिचरावरून प्रयोगशाळा सहायक होण्याचा त्यांचा प्रस्ताव शिक्षण खात्यात गेलेला होता. सहायकाला मुलं सर म्हणतात. हा कागद सेवापुस्तकाला लागला असता तर तो प्रस्ताव तिथेच संपला असता. सोनकांबळे एवढंच म्हणाले की म्या हात लावला न्हाय. कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हेडसरांच्या टेबलासमोर एक अर्ज घेऊन उभे राहिले. दहावीच्या पेपरात लिहिलं असेल तशा सरळ अक्षरात लिहिलेला. यंत्र बंद आहे, ते तपासण्यासाठी मला त्यास हात लावण्याची लेखी परवानगी मिळावी.  बिराजदार सर टेकीला आले होते, त्यांनीच गळ घातली की बघू द्या सर, अजून काय बिघडायचं राहिलंय. हेडसरांनी सही केली. सोनकांबळेंनी शाई वाळू दिली, कागदाची चौपदरी घडी घातली, पेनामागे खिशात ठेवली. मग चपला काढल्या आणि आत आले. हेडसर, बिराजदार सर आणि मी मागोमाग.

ते यंत्रासमोर बसले आणि त्यांनी विचारलं, शेवटचं चांगलं कधी चाललं होतं? बिराजदार सर म्हणाले, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मग त्यानंतर काय वेगळं झालं? सर म्हणाले, काही नाही. हेडसर म्हणाले, काही नाही. मीही म्हणाले, काही नाही. आणि आम्ही तिघंही खोटं बोलत नव्हतो. पूजेला कोण वेगळं काही केलं असं म्हणतं? चांगलं केलेलं बिघाडाच्या यादीत येत नाही.

"पूजा झालती न्हवं," सोनकांबळे हळूच म्हणाले.

पूजेने यंत्र बिघडतं का रे, असं हेडसरांनी विचारलं. सोनकांबळेंनी वाद घातला नाही. ते यंत्राकडे वळले. त्याला मागून छापायचं यंत्र जोडलेलं होतं, टेपरेकॉर्डर जोडलेला होता, आणखी कसल्या कसल्या वायरी. "समदं वऱ्हाड वापस धाडू," ते म्हणाले, "आन् नवरदेवाला एकट्याला इचारू." बिराजदार सरांना विचारत विचारत त्यांनी एकेक वायर सोडवली. नुसतं यंत्र आणि टीव्ही उरला. बटण दाबलं. बूऽऽऽ. म्हणजे वऱ्हाडाचा दोष नव्हता. बिराजदार सर पेचकस घेऊन उघडायला पुढे झाले. सोनकांबळेंनी हात आडवा धरला. बाहेरून विचारून संपलं नव्हतं अजून. यंत्र बंद केलं, डोळे मिटले, आणि डावीकडून एकेक कळ बोटाच्या टोकाने दाबून सोडायला लागले. प्रत्येक कळ टक् करून वर येत होती. वरच्या ओळीत, अगदी उजव्या टोकाच्या कळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही उठंना," ते म्हणाले.

बिराजदार सरांनी कपाळावर हात मारला. ती कळ दाबली की यंत्र सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आम्ही बटण दाबून त्याला ऊठ म्हणत होतो, आणि ती दबलेली कळ त्याच क्षणी त्याला सांगत होती, थांब, पुन्हा पहिल्यापासून. सोनकांबळेंनी माझ्याकडे केसातली पिन मागितली. कळीच्या कडेने ती अलगद फिरवली, आणि त्यांच्या तळहातावर काहीतरी बारीक पडलं. मी शेजारीच उभी होते. लालसर, लांबट, टोक मोडलेला तांदळाचा दाणा. ज्वारीचा टपोरा दाणा त्या फटीत शिरलाच नसता. अख्ख्या गावात अक्षतांना तांदूळ वापरणारी एकच बाई होती.

त्यांनी मूठ मिटली. दुसऱ्या हाताने बटण दाबलं. बू, पीक. पडद्यावर अक्षरं आली. बिराजदार सरांनी टाळीच वाजवली. हेडसरांनी विचारलं, काय होतं?

"कचरा व्हता, सर."

म्हणजे पुसण्यातलाच हलगर्जीपणा, हेडसर म्हणाले; मेमो बरोबरच होता. सोनकांबळेंची मूठ तशीच मिटलेली. पाच-सहा सेकंद गेले असतील, त्यांची मला अजून लाज वाटते. तेवढ्या वेळात मी नोकरीचा, हेडसरांचा, बायका काय म्हणतील याचा, सगळ्याचा विचार करून घेतला.

मग मी म्हणाले, "सर, तो कचरा नाही. तांदूळ आहे. माझ्या डब्यातला." आणि सोनकांबळेंना म्हटलं, मूठ उघडा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग उघडली. हेडसरांनी तो दाणा बघितला. पूजा त्यांच्याच सांगण्यावरून झाली होती. ते आपल्या खोलीत गेले, मेमो घेऊन परत आले आणि आमच्यादेखत तो फाडला. सोनकांबळेंची माफी मागितली नाही, पण साहेब गुरुवारी आले तेव्हा यंत्र कुणी दुरुस्त केलं ते नाव घेऊन सांगितलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. सोनकांबळे बरण्या पुसत होते. मी विचारलं, दाणा ओळखला होतात ना? तुमची बढती जात होती, तरी बोलला का नाहीत?

ते पुसत पुसतच म्हणाले, "म्या बिघाड धुंडत व्हतो, बाई. बिघडवणारं माणूस न्हाय." आणि थोड्या वेळाने, बरणी जागेवर ठेवून, "त्यो डिझेलचा डबा टँकरखाली म्याच लावला व्हता. माय पाण्यावाचून तान्हेली व्हती माझी. इब्राहिमभाईला समजलं व्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. दुसऱ्या दिशी म्याच जाऊन सांगितलं. आपलं आपुन सांगायचं आस्तंय. तुमी सांगितलं."  मी पदराने एक बरणी पुसायला घेतली, ती त्यांनी काढून घेतली, फडकं दिलं.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत ते सहायक झाले होते. मुलांच्या तोंडात सर बसायला वेळ लागला, घंटा मात्र तेच देत राहिले. माझ्या नवऱ्याची भूमला बदली झाली होती आणि शाळेतला माझा तो शेवटचा आठवडा होता. खंडेनवमीच्या सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले तर सगळ्या कळांवर एक निळ्या कापडाचं झाकण बेतशीर बसवलेलं. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, माप घेऊन शिवलं होतं. सोनकांबळेंनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"डबा न्हाय आणला, बाई?"

मी म्हटलं, ज्वारी आहे की. तेवढी पुरे.

"तुमच्याकडं तांदळाच्या आस्त्यात न्हवं? आणा जावा. आता कायबी आडकत न्हाय."

मी घरी गेले, जवळजवळ पळतच, आणि डबा घेऊन आले. पूजा झाली. ज्वारी आणि तांदूळ त्या निळ्या कापडावर एकत्र पडले. सोनकांबळे नेहमीसारखे व्हरांड्यात उभे होते, मान कलती करून. आरती संपल्यावर ते चपला काढून आत आले, झाकणाचे चारी कोपरे धरून ते अक्षतांसकट उचललं आणि माझ्या हातात दिलं. बिराजदार सर बाजूला सरकले. हेडसर म्हणाले, चालू करा तुम्हीच.

सोनकांबळेंनी आधी खिशात पेनामागे बोट घालून काहीतरी चाचपलं. चौपदरी घडीचा तो परवानगीचा कागद वर्षभर तिथेच होता, आता कडांना मळलेला. तो आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. बू, आणि लगेच पीक. दोन दिवसांनी आम्ही भूमची एसटी धरली, आणि सोनकांबळे मला पुन्हा दिसले नाहीत.